बूट-रिपेअर : लिनक्स मिंट टाकलं आणि लॅपटॉप उठेचना, तेव्हा वापरलेल्या टूलचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांनी नुकतंच लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट हा तिचाच एक प्रकार) टाकलंय, इन्स्टॉल पूर्ण झालं असं स्क्रीनवर वाचलंय, आनंदाने रिस्टार्ट दाबलंय आणि समोर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे जिच्यावरून सुरू व्हायचं ती डिस्कच सापडत नाही, असं आलंय. माझ्या पोटात अगदी गोळा आला होता, कारण लॅपटॉप मी भाच्याला द्यायचा कबूल केला होता आणि विंडोज तर पुसून टाकलेलं.

लॅपटॉप माझाच जुना. २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं छोटं ग्राफिक्स कार्ड, आणि मागच्या वर्षी हार्डडिस्क काढून २४० जीबीचा एसएसडी टाकून घेतलेला. चालायला अजून ठणठणीत. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एवढं चांगलं मशीन केवळ त्या यादीत बसत नाही म्हणून कपाटात जायचं. भाचा कराडला डिप्लोमाला आहे, त्याला सी आणि पायथन शिकायला, रिपोर्ट टाइप करायला लॅपटॉप हवाच होता, ताई नवीन घ्यायचा विचार करत होती, मी म्हटलं थांब, दिवाळीत वाईला सगळे येणारच आहोत, तिथे मी मिंट टाकून देते.

तर भाऊबीजेच्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी आणि भाचा दादाच्या माडीवर बसलो. लिनक्स मिंट २२.२, पेनड्राइव्हवर आधीच लिहून आणलेलं. बूट मेन्यूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं, मी पहिलं दाबलं. (इथेच सगळी गडबड झाली, पण ते मला चार दिवसांनी कळलं.) मिंट नेहमीसारखं सुरू केलं तर लोगो येऊन स्क्रीन काळी पडायची, म्हणून मेन्यूतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडला, मग डेस्कटॉप आला, इन्स्टॉल केलं, पूर्ण डिस्क पुसून, वीसेक मिनिटांत झालं, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा म्हणाला, दाबलं, आणि ती वरची पाटी. परत केलं, परत तीच. रात्री एक वाजेपर्यंत पुन्हा इन्स्टॉल करून पाहिलं. काही फरक नाही. सकाळी मला पुण्याची एसटी होती.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन, "मावशी, दुकानात दाखवला, ते काका म्हणतात एसएसडी गेलाय, नवीन टाकावा लागेल, विंडोजसकट ३,८०० होतील." मी म्हटलं पैसे देऊ नकोस, लॅपटॉप घरी आण, मी शनिवारी येते. मला खात्री नव्हती, पण पाठोपाठ दोन वेळा इन्स्टॉल एकही एरर न देता पूर्ण होतं आणि डिस्क मेलेली असते हे मनाला पटत नव्हतं.

शनिवारी ताईकडे पोचल्यावर पहिलं काम एसएसडीची तब्येत बघितली. पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन सुरू केलं, म्हणजे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवायचं. त्यात डिस्क्स नावाचं अ‍ॅप असतं, त्यात डिस्क निवडून स्मार्ट डेटा उघडला की डिस्क स्वतःबद्दल काय सांगतेय ते दिसतं. 'डिस्क इज ओके' असं स्पष्ट लिहिलेलं. त्यातलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, उघडलं, आत होम फोल्डर, भाच्याच्या नावाचं युजर फोल्डर, सगळं जागच्या जागी. म्हणजे मिंट डिस्कवर नीट बसलेलं होतं, फक्त लॅपटॉपला ते सापडत नव्हतं. ज्यांना ही पाटी दिसतेय त्यांनी खिशात हात घालण्याआधी एवढं एक बघाच, पाच मिनिटं लागतात आणि पैसे शून्य.

आता बूट-रिपेअर. हे फुकट आणि ओपन सोर्स टूल आहे, आणि मिंटवाल्यांसाठी चांगली गोष्ट ही की ते वेगळं डाउनलोड करावं लागत नाही, मिंटच्या लाइव्ह सेशनमध्ये मेन्यू, मग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, तिथे असतंच. मिंटच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्येही बूट बिघडला तर हेच वापरा असं दिलंय. उबंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) वापरणाऱ्यांना मात्र लाइव्ह सेशनमध्ये पीपीए, म्हणजे सॉफ्टवेअरचा बाहेरचा साठा, जोडून टाकावं लागतं, किंवा बूट-रिपेअर-डिस्क म्हणून त्याचं स्वतंत्र आयएसओ (पेनड्राइव्हवर लिहायची डिस्कची फाइल) मिळतं ते पेनड्राइव्हवर घ्यायचं.

उघडल्यावर ते आधी डिस्क तपासतं, त्याला थोडा वेळ लागतो, जुन्या मशीनवर अडकलं की काय असं वाटतं पण थांबायचं. मग एक छोटी खिडकी येते, तिच्यात मोठं बटण 'रेकमेंडेड रिपेअर' आणि दुसरं फक्त माहिती गोळा करून रिपोर्ट बनवायचं. मी घाईत थेट मोठं बटण दाबलं. आणि त्याने दुरुस्ती न करता मला अडवलं. संदेशाचा मतितार्थ असा, की तुमचं आत्ताचं सेशन लेगसी म्हणजे बायोस-कम्पॅटिबल मोडमध्ये चालू आहे, फर्मवेअरमध्ये (लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटअपमध्ये) तो मोड बंद करा आणि यूईएफआय मोडमध्ये पेनड्राइव्ह सुरू करून परत या.

चारपैकी दोन स्टार मी या टूलला या एका संदेशासाठी देते. कारण रोग हाच होता.

हे जरा नीट सांगते कारण इन्स्टॉलनंतर बूट न होण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. लॅपटॉप सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी लेगसी पद्धत, तिच्यात लॅपटॉप डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधला इवलासा कोड वाचतो आणि तिथून पुढे जातो. नवी यूईएफआय पद्धत, तिच्यात डिस्कवर ईएसपी नावाचं एक छोटं फॅट ३२ पार्टिशन असतं, त्यात बूटलोडरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची फाइल असते, आणि ती फाइल कुठे आहे याची नोंद लॅपटॉपच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेली असते. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला त्याच पद्धतीचा बूटलोडर इन्स्टॉलर टाकतो, तो विचारत बसत नाही. बूट मेन्यूत पेनड्राइव्ह दोनदा दिसतो तो याचसाठी, एका नावाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याच्या आधी नसतं. मी बिनलिहिलेलं दाबलं होतं. लॅपटॉप मात्र डिस्कवरून सुरू होताना यूईएफआयच शोधत होता. त्याला ती फाइल सापडेना, नोंदही नाही, म्हणून तो म्हणाला डिव्हाइसच नाही. त्याच्या दृष्टीने खरंच नव्हतं.

तुम्ही आत्ता कुठल्या मोडमध्ये आहात हे बघायला टर्मिनलसुद्धा लागत नाही. लाइव्ह सेशनमध्ये फाइल मॅनेजर उघडायचा, फाइल सिस्टिममध्ये सिस फोल्डर, त्यात फर्मवेअर, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघायचं. असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. हे इन्स्टॉल करण्याआधी बघितलं असतं तर माझी कराडची फेरी वाचली असती, म्हणून कळकळीने सांगतेय, आधी बघा.

तर परत सुरुवात. या वेळी बूट मेन्यूत यूईएफआय लिहिलेला पेनड्राइव्ह निवडला, बूट-रिपेअर उघडलं, रेकमेंडेड रिपेअर. आता ते कामाला लागलं. आणि आता तक्रारीची पहिली गोष्ट, याला इंटरनेट लागतं. माझ्या केसमध्ये जुना लेगसी ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) काढून यूईएफआयवाला ग्रब टाकायचा होता, ती पॅकेजेस डाउनलोड व्हावी लागतात. ताईकडे वायफाय नाही, भाच्याचा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, ते लगेच चाललं. ज्यांच्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड लिनक्सला ओळखू येत नाही त्यांनीही हाच उपाय करा.

दुसरी गोष्ट, मध्येच ते थांबतं आणि म्हणतं टर्मिनल उघडा, ही अमुक ओळ कॉपी करून पेस्ट करा, एंटर दाबा, आणि मग पुढे चला. अशा दोनतीन ओळी येतात. त्यातली एक चालवताना टर्मिनलमध्ये निळा पडदा येतो, त्यात ग्रब काढून टाकायचा का असं विचारतात, माऊस चालत नाही, टॅबने होकारावर जायचं आणि एंटर. नवख्या माणसाची इथे हमखास घाबरगुंडी उडते. एका बटणात सगळं होईल असं नाव ऐकून वाटतं, ते तसं नाही, आणि माझ्या मते आधी दोन ओळींत समजावलं असतं तर बरं झालं असतं. अर्धा स्टार इथे गेला.

शेवटी 'बूट सक्सेसफुली रिपेअर्ड' आलं, आणि खाली एक ओळ, जी लोक वाचतच नाहीत, की आता फर्मवेअरमध्ये अमुक फाइलवरून बूट होईल असं करायला विसरू नका. त्या फाइलच्या वाटेत उबंटू असं फोल्डर होतं. मिंट टाकलंय आणि नाव उबंटू कसं म्हणून भाचा गोंधळला, पण मिंटचा पाया उबंटूच आहे आणि बूटच्या नोंदीत ते उबंटू हेच नाव वापरतं, त्यामुळे बूट मेन्यूत मिंट शोधत बसू नका, उबंटू शोधा. आम्ही सेटअपमध्ये जाऊन उबंटू सगळ्यात वर आणलं, सेव्ह केलं, आणि रिस्टार्ट.

मिंटचा लोगो आला. भाचा ओरडलाच. आणि मग स्क्रीन काळी.

इथे बूट-रिपेअरचा काही दोष नाही, त्याचं काम ग्रबपर्यंत पोचवायचं, ते त्याने चोख केलं. हा प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा होता. पेनड्राइव्हवर मी कम्पॅटिबिलिटी मोड वापरला होता, पण तो त्या सेशनपुरताच असतो, इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमला तो आपोआप लागत नाही. म्हणून लोगोनंतर ती परत अडकली. तेव्हा लॅपटॉप बंद करून परत चालू केला, कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप दाबलं. मशीनवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ग्रबचा मेन्यू लपलेला असतो, यूईएफआयमध्ये तो एस्केपने बाहेर येतो, लेगसीमध्ये शिफ्ट धरून ठेवायची. मी एस्केप जरा जास्तच वेळा दाबलं आणि नुसतं 'ग्रब' लिहिलेली रिकामी ओळ आली, तेव्हा घाबरायचं नाही, 'नॉर्मल' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबायचं आणि लगेच एकदाच एस्केप. मेन्यू आला की पहिल्या ओळीवर उभं राहून कीबोर्डवरचं ई दाबायचं, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधायची, तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असतं, त्याच्यापुढे जागा सोडून 'नोमोडसेट' (nomodeset) असं इंग्रजीत सलग लिहायचं आणि एफ १०. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चुकलं तरी बिघडत काही नाही. डेस्कटॉप आला. ड्रायव्हर मॅनेजर उघडून 'रेकमेंडेड' लिहिलेला एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, रिस्टार्ट, आणि त्यानंतर कसलीही कसरत न करता सुरू झाला.

म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन वेगळे आजार एकामागे एक होते आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, चालू होत नाही. म्हणून मी नेहमी विचारते की नेमकं कुठे थांबतंय. 'नो बूटेबल डिव्हाइस' असेल किंवा 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून थांबत असेल तर बूट-रिपेअर उघडा, तिथेच त्याची खरी ताकद आहे. ग्रबचा मेन्यू दिसतोय, लोगोही येतोय आणि मग काळं, तर ते विसरा, वर सांगितलेलं नोमोडसेट करून बघा. 'इनिटरॅमएफएस' असं लिहून कंसात थांबलं असेल तर बहुतेकदा फाइल सिस्टिम बिघडलेली असते किंवा ज्या पार्टिशनचा ओळखक्रमांक लिहून ठेवलाय ते सापडत नसतं, तिथे ग्रब परत टाकून काही उपयोग नाही, लाइव्ह सेशनमधून पार्टिशन तपासून दुरुस्त करायचं. आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर सेटअपमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी मोडवर (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धती) असेल, ते एएचसीआय या साध्या मोडवर करावं लागतं, पण डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल थेट करू नका, विंडोज उठणार नाही, आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं करून मग बदलायचं.

ज्यांच्याकडे विंडोजही आहे त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर सेटअपमध्ये सिक्युअर बूट (फक्त ओळखीचा, सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) वगैरेला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज तीच मागत बसेल. आणि १३ ऑगस्ट २०२४ चा विंडोजचा अपडेट आठवत असेल, त्यानंतर कितीतरी ड्युअल बूट मशीनवर 'शिम एसबॅट डेटा' (शिम म्हणजे सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) पडताळता आला नाही असा संदेश येऊन लॅपटॉप बंद व्हायचा. तिथे बूटलोडर हरवलेला नव्हता, जुना म्हणून नाकारला जात होता. असा संदेश दिसला तर आधी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जाता येतं का बघा, आणि आत गेल्यावर सगळे अपडेट टाकून घ्या, म्हणजे नवा शिम येतो.

तुलनेसाठी सुपर ग्रब टू डिस्क पण सांगते, कारण मी ती त्याच पेनड्राइव्हवर ठेवते (व्हेंटॉय टाकलं की एका पेनड्राइव्हवर हवी तेवढी आयएसओ नुसती कॉपी करून ठेवता येतात, फार सोय आहे). ही दुरुस्ती करत नाही, ती फक्त डिस्कवर कुठली सिस्टिम आहे ते शोधून त्या वेळेपुरती सुरू करून देते. आत गेल्यावर ग्रब आपणच परत टाकायचा. इंटरनेट लागत नाही, आणि ती डिस्कवर काहीच लिहीत नसल्याने नुकसान व्हायची भीती नाही. मी ती सिक्युअर बूट बंद करून वापरते. टर्मिनलची थोडी सवय असेल त्याला मी हीच आधी वापर म्हणेन, ज्याला सवय नाही त्याला बूट-रिपेअर.

उरलेला अर्धा स्टार रिपोर्टसाठी कापला. बूट-रिपेअर बनवतं तो रिपोर्ट उत्तम असतो, कुठल्या पार्टिशनवर काय आहे, कुठल्या नोंदी आहेत, सगळं एका जागी, कुणाची मदत मागायची तर नेमकं तेच लागतं. पण तो इंटरनेटवर सगळ्यांना उघडता येईल अशा पानावर चढवतो. त्यात तुमच्या फाइली नसतात, डिस्कची रचना असते, तरी तो चढवायचा का असं विचारलं जातं तेव्हा वाचून उत्तर द्या, नुसतं पुढे पुढे दाबू नका. आणि दुरुस्तीच्या आधी रिपोर्ट बनवा, मी केलं तसं उलट करू नका, कारण आधी काय होतं हे दुरुस्तीनंतर कळायला मार्ग राहत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये विंडोजच्या बूट फाइलींशी संबंधित खुणा आहेत त्यांना तर माहिती असल्याशिवाय हातच लावू नका.

खर्चाचा हिशोब असा, टूल फुकट, पेनड्राइव्ह ३५० रुपयांचा आणि तो आधीचाच होता, पुणे-कराड एसटी. दुकानवाल्या काकांवर माझा राग नाही, त्यांच्याकडे रोज विंडोजची मशीनं येतात, पण चालू एसएसडी काढून नवा टाकला असता आणि जुना कचऱ्यात गेला असता याचं वाईट वाटतं. भाच्याने परवा परत फोन केला, वर्गातल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर तीच पाटी आलीय, पेनड्राइव्ह घेऊन जाऊ का विचारत होता. मी म्हटलं जा, आणि आधी ते ईएफआय फोल्डर बघ.